बिबड्यांच्या दिवसांतलं इंटरनेट

आमच्या घरातला आवाज आधी गेला आणि इंटरनेट मागून आलं. आवाज म्हणजे नानांचा, माझ्या वडिलांचा. नाना मूळचे साक्रीकडचे, पण सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात झाली. तिथे टर्बाइनच्या घरघराटात बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं, आणि ड्यूटी संपली तरी तो आवाज काही खाली यायचा नाही. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की शेजारच्या घरातून विचारणा व्हायची, "मीठ संपलं का हो?" फोनवर तर बोलायची सोयच नव्हती. अमेरिकेत शिकायला गेलेल्या माझ्या मोठ्या बहिणीशी, अक्काशी, ते असे बोलायचे की मधला फोन काढून टाकला असता तरी चाललं असतं. आई शेजारी उभी राहून त्यांची बाही ओढायची, "अहो, हळू बोला! ऐकू येतं तिला!"

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. माणूस हातीपायी धड घरी आला, याबद्दल आम्ही देवाचे आणि डॉक्टरांचे किती आभार मानले ते आमचं आम्हाला ठाऊक. पण घर एकदम गप्प झालं. फुसफुसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पाटीवर लिहायला सांगितलं तर त्यांनी पाटी कोपऱ्यात भिरकावली. शेवटी स्वतःच जुन्या सायकलची घंटी काढून त्यांनी हातातल्या काठीला स्क्रूने बसवली. आई स्वयंपाकघरात असली की ट्रिंग. चहा हवा की ट्रिंग ट्रिंग. संतापले की मग विचारू नका, अख्खी गल्ली रस्ता सोडून बाजूला होईल अशी घंटी वाजायची. अक्काचा फोन आला की ते रिसीव्हर कानाला लावून बोलण्याच्या बाजूला घंटी वाजवायचे, आणि ती बिचारी तिकडे हसत रडायची.

मी तेव्हा जळगावातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पगारातून हप्त्यावर एक जोडणीचा कॉम्प्युटर घेतला होता, आणि गावात इंटरनेट आलं तसं त्यात मोडेमही बसवून घेतलं. फोनच्या तारेतून ते लागायचं. आधी डायल करायचं, मग मोडेम मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखं किंचाळायचं, आणि नशीब असलं तर जोडलं जायचं. तोवर घरातल्या कुणी फोन उचलायचा नाही. उचलला की सगळं मुसळ केरात!

त्या उन्हाळ्यात अक्काचा ईमेल आला. ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी एकदा नानांनी तिला फोन केला होता आणि तो तिच्या रूममेटच्या आन्सरिंग मशीनने उचलला होता. पलीकडे यंत्र आहे हे नानांच्या गावीही नव्हतं. ते आपले बोलत राहिले, आणि उत्तर येईना तसे चिडत गेले. अक्काला इतकं हसू आलं की मैत्रिणींना ऐकवायला म्हणून तिने ते कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि विसरून गेली. मशीनच्या टेपवर पुढे रूममेटचे निरोप चढले. आता शिक्षण संपवून नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघताना तिला ती फाईल सापडली. तिने ती विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर तिला दिलेल्या जागेत ठेवली होती आणि मला लिहिलं होतं, उतरवून घे, महिनाअखेर माझं खातं बंद होईल आणि फाईलही जाईल. माझा कॉम्प्युटर मी विकून टाकलाय.

नानांचा आवाज जगात फक्त तेवढाच उरला होता. आमच्याकडे ना कॅसेट, ना काही. लग्नामुंजीच्या व्हिडिओत बँडबाजाच ऐकू यायचा.

मी आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिने हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बरं झालं गं बाई. मला त्यांचं ओरडणं आठवतं, पण आवाज नाही आठवत. रोज आठवून बघते." मग लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "त्यांना नको सांगूस हां. आधी मी ऐकते. त्यांना ऐकवायचं की नाही ते मग बघू."

अक्काने निघण्याआधी एकदा कॉलेजच्या लॅबमधून फोन करून ते ऐकवायचाही प्रयत्न केला होता. तिच्याकडे संध्याकाळ, आपल्याकडे सकाळ. पण फोनमध्ये नुसती खरखर. जिलबी तळायला टाकावी तसा आवाज. आईने कान लाल होईपर्यंत रिसीव्हर दाबून धरला, पण एक अक्षर कळलं नाही. आम्ही सगळं खापर अमेरिकेवर फोडलं आणि मोकळ्या झालो.

तेव्हा राहिला माझा कॉम्प्युटर. मिनिटभराचं बोलणं, पण फाईल फ्लॉपीत मावणार नाही एवढी मोठी, म्हणजे बाहेर कुठे उतरवून घरी आणायचीही सोय नाही. एरवी चहा होईतो उतरली असती. पण गाडी जागची हलेना! पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीला लाज वाटेल अशी सरकायची, आणि जरा कुठे पुढे गेली की लाईन तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला अर्धवट राहिलेलं पुढे चालू ठेवणं माहीतच नव्हतं. मी मोडेम काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. खाचेतली धूळ फुंकली. चित्रं दिसणं बंद केलं. स्वयंपाकघरातला दुसरा फोन काढून ठेवला. क्लासमधल्या सरांनी सांगितलेल्या सगळ्या सेटिंग्ज बदलल्या, मग त्यांनीच सांगितल्या म्हणून परत होत्या तशा केल्या. टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केली. क्लासला सुट्टी टाकून घरी थांबले, तर त्यांचा माणूस भर दुपारी घामाघूम होऊन आला, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, "मॅडम, लाईन तर काचेसारखी स्वच्छ आहे." मीही ऐकलं. खरंच स्वच्छ होती. मला त्याचा रागच आला, पण करणार काय?

दुपारी मी क्लासमध्ये असायचे. शिवाय जळगावचा मे महिना, सगळ्या गल्लीचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज असं पडायचं की कॉम्प्युटर आपोआप बंद. संध्याकाळनंतर सगळं गाव इंटरनेटवर तुटून पडायचं, तेव्हा नंबरच लागायचा नाही. लागायचा तो फक्त सकाळी. आणि सकाळीच ही रड.

त्यातच आमच्याकडे बिबड्यांचे दिवस. खान्देशात उन्हाळ्यात ज्या घरी बिबड्या होत नाहीत त्या घरात माणसं राहतात की नाही असा लोकांना संशय येतो. ज्वारी भिजवून आंबवायची, तिचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, आणि तो गरम आहे तोवर खाटांवर पसरलेल्या ओल्या धोतरांवर हाताने थापत पातळ गोल बिबड्या घालायच्या. ते एकटीचं काम नाही. गल्लीतल्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या घरच्या करतात. आमची गच्ची सगळ्यांत मोठी, त्यामुळे पाळी कुणाचीही असली तरी पहाटेपासून फौज आमच्याकडेच. तिची सेनापती शेजारची खाला. तिचे मालक गाद्या भरायचे. ती लग्न होऊन आमच्या गल्लीत आली आणि कुठल्याही खान्देशी बाईच्या तोंडात मारेल अशा बिबड्या घालायला लागली. आदल्या दिवशीच्या वाळलेल्या धोतरांना मागून पाणी लावायचं, बिबड्या अलगद सोडवायच्या, धोतरं धुऊन वाळत घालायची, तोवर नवा घाटा तयार. असं रोज चाललेलं. वर हसण्याखिदळण्याचा गोंधळ आणि खाली मी निळ्या पट्टीकडे बघून दात खातेय!

महिना संपत आला तशी आई माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. हातात जपाची माळ. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण आकडा वाढतोय की नाही तेवढं ती बरोबर बघायची. एक दिवस ती येऊन बसली आणि काय आश्चर्य, पट्टी सरसर पुढे जायला लागली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. अर्धी फाईल उतरली. तेवढ्यात गच्चीवरून खालाची हाक आली, "भाभी, धोतर धुतले, वाळत घाला ना! मेरे हाथ घाटे में है." आई उठून वर गेली आणि जरा वेळातच पट्टी अडखळली, लंगडली आणि लाईन तुटली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. आई बसली तोवर ठीक, उठून गेली की बोंब. मी वैतागून म्हणाले, "आई, तुझ्या पायगुणावर चालतंय हे! तू उठूच नकोस." मी आपली चिडून बोलले, पण तिने ते मनाला लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती सकाळपासून माझ्या शेजारी ठाण मांडून बसली. चहा नाही, पाणी नाही. नेमका त्या दिवशी नंबरच उशिरा लागला, आणि पट्टी सरकायला लागते तोच वरून हाकांवर हाका यायला लागल्या. शेवटी बायांचा खोळंबा होतोय म्हणून तिला राहवेना. "आलेच हां, पट्टीला सांग थांबायला," म्हणून ती वर पळाली. जरा वेळाने पट्टी पुन्हा अडखळून लाईन तुटली, तशी मीही तिच्या मागे गेले, ओढून परत आणायला.

गच्चीवर पाहते तर आईचे दोन्ही हात वर. पिळलेलं धोतर तिने झटकलं आणि वाळत टाकलं. अशी ओळीने किती तरी धोतरं लटकत होती, प्रत्येकातून पाणी गळतंय. आणि ती ज्यावर लटकत होती ती दोरी नव्हतीच! ती आमच्या फोनची वायर होती.

"आई!!" मी अशी किंचाळले की नानांची आठवण यावी.

वायर नानांनीच ओढलेली. बैठकीतला फोन मागच्या खोलीत, कॉम्प्युटर ठेवला त्या खोलीत न्यायचा तर भिंती फोडाव्या लागल्या असत्या, म्हणून त्यांनी ती गच्चीवरून नेली होती, आणि मध्यावर एक जोड होता. शेजारीच कपड्यांची दोरीही होती. पण ती दोरी मागच्या उन्हाळ्यात कूलर खिडकीला बांधायला गेली ती गेलीच, आणि तिथे दिसणारी लांब, ताणलेली, कुणाच्या काही कामाची नसलेली वायर बायांनी आपली मानून घेतली. रोज सकाळी ती पाणी प्यायची आणि उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळायची. तो टेलिफोनचा माणूस काही खोटं बोलला नव्हता.

आईचा चेहरा इतका पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. "म्हणजे मीच गं?" एवढंच ती म्हणाली. ज्या आवाजासाठी ती देव पाण्यात ठेवून बसली होती, त्याच्यावर ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने ओली धोतरं टाकत होती.

माझं किंचाळणं ऐकून नाना काठी टेकत वर आले. वायरीकडे बघितलं, धोतरांकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग काठीवरची घंटी अशी वाजली की कावळे उडाले. कपाळावर हात मारून घेऊन त्यांनी एकेक धोतर ओढून खाली टाकलं. वीजकेंद्रात जन्म घालवलेला माणूस, त्याच्या वायरीवर धोतरं! बाया पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. पण मला ते घंटी वाजवणं बघून इतकं बरं वाटलं! ऑपरेशननंतर चिडचिड रोजचीच होती, पण इतके मनापासून चिडलेले ते मी पहिल्यांदाच पाहिले.

आता पंचाईत अशी की घाटा शिजून तयार होता. तो थांबत नाही. गार झाला की दगड, आणि त्या दिवशी पाळी एका गरीब घरची होती, त्यांच्या वर्षाच्या बिबड्या त्यात होत्या. आई बोलायचा प्रयत्न करत होती, पण नाना समोर असल्यामुळे तिला सांगता येईना की आज लाईन का हवी आहे. खालाला मात्र तिने आधीच कानात सांगून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. खाला आईजवळ आली, हळूच म्हणाली, "आवाज आनी है ना? फिर?" आणि वळून सगळ्यांना हुकूम सोडला, "चलो, सब मेरे आंगन में! पातेलं उचला!"

एकीनेही का म्हणून विचारलं नाही. मला त्याचंच आजही नवल वाटतं. आमच्या अरुंद जिन्यावरून ते रटरटतं पातेलं दोघींनी फडक्यात धरून उतरवलं, बाकीच्यांनी खाटा, ओली धोतरं, पाण्याच्या बादल्या. खालाचं अंगण एवढंसं, त्यात ऊनही उशिरा यायचं. तिथे खेटून बसून, हातांना चटके घेत त्यांनी सगळ्या बिबड्या घातल्या. त्या जाड झाल्या आणि आंबटही झाल्या. त्या घरच्या बाईने वर्षभर त्या तळताना कधी तोंड वाकडं केलं नाही. मी त्या बायांचे उपकार कसे फेडणार? त्यांतल्या काही आता नाहीत. त्यांना कधी नीट धन्यवादही म्हटलं नाही, कारण आमच्याकडे तसं म्हटलं असतं तर त्या रागावल्या असत्या.

इकडे नाना गच्चीवर मांडी घालून बसले होते. जोडावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती आणि आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. त्यांनी ब्लेडने ती खरवडून लख्ख केली, नव्याने पीळ दिला, पट्टी गुंडाळली, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्हीकडे घट्ट बांधला. मी मदतीला हात पुढे केला तर काठीने बाजूला सारला. हे सगळं कशासाठी हे त्यांना माहीत नव्हतं. पोरीचं कॉम्प्युटरचं काहीतरी अडलंय, एवढंच.

मी खाली येऊन डायल केलं. मोडेम किंचाळलं आणि जोडलं गेलं. आई माळ घेऊन बसली. आणि आमच्या मागे नाना आपली खुर्ची ओढून बसले, आपलं काम बरोबर झालं की नाही ते बघायला. आईने त्यांना बाहेर काढायचा प्रयत्न करून पाहिला. "अहो, बाहेर वारं आहे, तिकडे बसा ना." ट्रिंग. म्हणजे नाही. "चहा ठेवलाय बैठकीत." ट्रिंग ट्रिंग! म्हणजे इथेच आण. आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. निळी पट्टी अशी सरकत होती की मी तिला कधी नावं ठेवली असतील यावर कुणाचा विश्वास बसला नसता. चहा होईतो पट्टी भरली.

आईने माळ मांडीवर ठेवली. एकदा नानांकडे बघितलं. मग म्हणाली, "लाव."

मी आवाज पूर्ण मोठा करून ठेवला होता, इतक्या दिवसांच्या काळजीने. त्यामुळे ते एकदम खोलीभर झालं. "हॅलो! हॅलो! कोन शे? आव, मी बोली राहिनू! आठे बठ्ठा बेस शे! तुन्ही मायनी बिबड्या करेल शेतस, तुना डबा भरी ठेयेल शे! ऐकी राहिनी ना?" नानांची अस्सल अहिराणी: इकडे सगळं ठीक आहे, आईने बिबड्या केल्यात, तुझा डबा भरून ठेवलाय. साक्रीचं सगळं पाणी त्या आवाजात होतं. शांतता. मग आणखी वरच्या पट्टीत, "आव, काबर बोलत नही तू? बोल ना!"

त्यानंतर त्या फाईलमध्ये रिकामी जागा होती. नाना तिकडून उत्तराची वाट बघत थांबले होते.

ट्रिंग.

मी मागे वळून बघितलं नाही, माझी छातीच झाली नाही. काठीवरची घंटी पुन्हा एकदा वाजली, हळू. मग यंत्रातले नाना चिडून म्हणाले, "ठेवस आते!" आणि ठेवल्याचा आवाज आला.

आईचा हात आपोआप मागे गेला होता. तिने नानांची बाही धरून ओढली, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ओठ हसतायत. "अहो, हळू बोला!" ती म्हणाली. "ऐकू येतं तिला!"

खालाच्या अंगणातला थापण्याचा आवाज थांबला होता. भिंतीपलीकडून तिने हाक मारली, "भाभी? भाईसाब बोले क्या?"

"बोलले गं," आईने नाक पुसत ओरडून सांगितलं. "आल्या आल्या पोरीवर ओरडले!"